पाण्यात पडलेला फोन कसा वाचवायचा

फोन पाण्यातून काढला, स्क्रीन चालू आहे, टचही लागतोय, म्हणून तो पुसून लगेच वापरायला घेतला जातो. बहुतेक फोन मरतात ते इथेच. पाणी आत शिरलंय की नाही हे बाहेरून कळत नाही, आणि शिरलं असेल तर फोन चालू असेपर्यंत आतल्या सर्किट बोर्डाची झीज सुरूच राहते.

नुकसान नेमकं कशाने होतं

शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. नळाच्या, पावसाच्या साचलेल्या किंवा समुद्राच्या पाण्यात मात्र क्षार विरघळलेले असतात आणि त्यातून ती वाहते. फोनच्या बोर्डावर दोन जोडबिंदूंमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असतं. त्यातल्या एकावर बॅटरीचे चार व्होल्ट आणि शेजारच्यावर शून्य, अशी जागा ओली झाली की एका बाजूचा धातू विरघळून दुसऱ्या बाजूला जमू लागतो. हे काही मिनिटांतही दिसण्याइतकं होतं. तेच पाणी, तोच बोर्ड, पण वीज नसेल तर गंज चढायला तास किंवा दिवस लागतात. म्हणजे आधी वीज तोडायची आणि मग पाणी काढायचं. पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेले क्षार काढणं हे तिसरं काम, आणि लोक नेमकं हेच विसरतात.

इथे एक अडचण आहे. हल्लीच्या बहुतेक फोनची बॅटरी सहज काढता येत नाही. फोन बंद केला तरी बॅटरीपासून वीज सांभाळणाऱ्या चिपपर्यंतची वाट जिवंतच असते. आयफोन बंद करतानाच्या पडद्यावर, बंद झाल्यावरही तो शोधता येईल अशी सूचना दिसते ती याचमुळे: आतलं थोडं सर्किट जागं राहतं. फोन बंद केल्याने धोका खूप कमी होतो, पण संपत नाही. पाणी खरोखर आत गेलं असेल तर दोन-तीन दिवस नुसती वाट बघणं हा सुरक्षित पर्याय नाही.

पहिली पाच मिनिटं

फोन चार्जरला लावलेला असताना पाण्यात पडला असेल तर त्याला हात लावण्याआधी भिंतीवरचं बटण बंद करा. फोन गरम झालाय, फुसफुसतोय किंवा त्यातून धूर येतोय असं दिसलं तर तो उचलू नका, बाजूला व्हा.

बाकी वेळी फोन पटकन बाहेर काढा आणि बंद करा. कुणाला मेसेज पाठवून, फोटो काढून किंवा कॅमेरा चालतो का बघून मग बंद करू, असं नको. फोन आधीच बंद पडला असेल तर चालू होतो का ते तपासू नका. चार्जर तर अजिबात लावू नका: चार्जर बाहेरून पाच व्होल्ट आणतो, जलद चार्जिंगमध्ये नऊ किंवा त्याहून जास्त, आणि ते थेट ओल्या पोर्टवर. वायरलेस चार्जरही नको. टच चालत नसेल आणि बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरल्यावर फोन बंद होण्याऐवजी पुन्हा सुरू होत असेल (बऱ्याच मॉडेलमध्ये असंच होतं), तर ते परत परत करत बसू नका. असा फोन लवकरात लवकर उघडून बॅटरीची जोडणी काढणं हाच उपाय.

मग कव्हर काढा. सिमचा ट्रे बाहेर काढा आणि भोक उघडंच ठेवा. पाणी बाहेर यायला आणि हवा आत जायला ती चांगली वाट असते. सिम पुसून दुसऱ्या फोनमध्ये टाकलं की ओटीपी आणि कॉल अडत नाहीत. मागचं झाकण आणि बॅटरी निघणारा फोन असेल तर दोन्ही लगेच काढा. धागे न सोडणाऱ्या मऊ कापडाने फोन पुसा. चार्जिंग पोर्ट खाली करून फोन उभा धरा आणि तळहातावर हलकेच आपटा. जोरजोरात झटकू नका, कारण पोर्टपाशी असलेलं पाणी त्याने कॅमेऱ्यापर्यंत जातं. तोंडाने फुंकणं, हवेचा जोरदार झोत मारणं, पोर्टमध्ये कापसाची काडी किंवा टिश्यू पेपर खुपसणं, हे सगळं टाळा. झोताने पाणी आत ढकललं जातं आणि मायक्रोफोनचा नाजूक पडदा फाटू शकतो. कापसाचे तंतू पोर्टच्या पिनांत अडकून राहतात.

आयपी६८ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहावं का?

थोडं. आयपी६८ हा फोन धूळ आणि पाण्यापासून किती सुरक्षित आहे ते सांगणारा आकडा. नवा, न पडलेला, न उघडलेला आयपी६८ फोन स्वच्छ पाण्यात क्षणभर बुडाला तर बहुधा काहीही होत नाही. तो पुसायचा, पोर्ट सुकेपर्यंत चार्जिंग टाळायचं, एवढंच. हे आकडे आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातले आहेत. आयपी६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. आयपी६८ मध्ये त्याहून कठीण अटी कंपनी स्वतः ठरवते, म्हणून दोन आयपी६८ फोनची खोली वेगवेगळी असते: कुणाची दीड मीटर, कुणाची सहा. चाचणी मात्र स्थिर, गोड्या पाण्यात होते. साबणाचं पाणी, वाफ, समुद्र, नळाची जोरदार धार यांची हमी या आकड्यात नाही. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि एरवी जिथून पाणी शिरलं नसतं त्या फटीतूनही ते शिरतं. कडेची चिकट पट्टी आणि रबर वर्षागणिक जुनं होतं. स्क्रीन किंवा बॅटरी एकदा बदलली असेल, कोपऱ्याला तडा गेला असेल, तर फोनला पाण्यापासून संरक्षण नाही असंच धरून चला.

पाणी आत गेलं का हे बघायची एक सोपी खूण आहे. बऱ्याच फोनमध्ये, आयफोनमध्ये सिमच्या खाचेत, एक पांढरा ठिपका लावलेला असतो. पाणी लागलं की तो लाल होतो. टॉर्चच्या उजेडात खाचेत बघा. लाल दिसला तर फोन उघडावा लागणार आहे. पांढरा दिसला तर एवढंच कळतं की त्या जागी पाणी पोचलेलं नाही. कॅमेऱ्याच्या काचेआड धुकं दिसलं तर आत ओल आहे हे नक्की, ठिपका काहीही सांगो.

तांदूळ, हेअर ड्रायर आणि फ्रीज

फोन तांदळात पुरून ठेवण्याचा सल्ला जगभर दिला जातो. तो सोडून द्या. बंद डब्यातला कोरडा तांदूळ खेळत्या हवेपेक्षा जास्त ओल ओढत नाही, बोर्डावरच्या शील्डखाली (पत्र्याच्या झाकणाखाली) अडकलेल्या थेंबापर्यंत तर त्याचा परिणाम पोचतच नाही. वर पिठूळ धूळ आणि कण्या पोर्टमध्ये जातात. ॲपलने आपल्या मदतपानावर याच कारणासाठी तांदूळ वापरू नका असं स्पष्ट लिहिलंय. तांदळात ठेवून बरे झालेले फोन टेबलावर ठेवूनही बरे झाले असते. खरं नुकसान होतं ते वेळेचं: दोन दिवस फोन डब्यात असतो आणि आत गंज चढत असतो.

हेअर ड्रायरची गरम हवा फोनच्या कडेचा गोंद सैल करते, पाण्याची वाफ करून ती आत पसरवते आणि बॅटरी तापवते. लिथियम बॅटरीला साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या वर नेणं चांगलं नाही. म्हणून कडक उन्हात, गाडीच्या काचेमागे, हीटरवर फोन ठेवू नका. ओव्हन आणि मायक्रोवेव्हचा विचारही नको. बॅटरी पेट घेईल. फ्रीजमध्ये ठेवलेला फोन बाहेर काढला की हवेतली वाफ त्याच्यावर आतून-बाहेरून साचते, म्हणजे उलटंच काम.

पाणी आत गेल्याची खूण दिसत नसेल तर चालतो तो साधा पंखा. चार्जिंग पोर्ट खाली येईल असा फोन तिरका टेकवून ठेवा, सिमची खाच पंख्याकडे करा, आणि कमीत कमी ४८ तास तसाच राहू द्या. हवा दमट असेल तर वातानुकूलित खोली चांगली, कारण तिथली हवा कोरडी असते. सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) हाताशी असेल तर पहिले काही तास पंखा आणि त्यानंतर घट्ट झाकणाचा डबा असा क्रम ठेवा. बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या दोन-चार पुड्यांनी काही होत नाही. एक-दीड लिटरच्या डब्यात शंभर-दोनशे ग्रॅम जेल हवं. निळे दाणे गुलाबी झाले किंवा नारिंगी दाणे हिरवे झाले की त्यांची ओल ओढण्याची ताकद संपलेली असते.

पाणी कसलं होतं, त्यावर पुढचं ठरतं

गोडं, स्वच्छ पाणी सगळ्यात कमी त्रासाचं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात जवळपास ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातून वीज सहज वाहते आणि सुकल्यावर मीठ आतच राहतं. हे मीठ हवेतली ओल खेचत राहतं, म्हणून समुद्रात पडलेला फोन सुकवून चालू केला तरी पुढे मरू शकतो. पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन धातू खातं. गोड पेय, दूध घातलेला चहा किंवा कॉफी सुकली की चिकट थर होतो, आणि फळांचा रस वर आंबटही असतो.

अशा वेळी सुकवण्याआधी धुणं आवश्यक आहे. ओला फोन पुन्हा पाण्यात घालायचा हे विचित्र वाटतं, पण मीठ किंवा साखर आत वाळू देण्यापेक्षा ते बरं. फोन बंद आहे याची खात्री करा, पोर्ट आणि स्पीकरच्या जाळ्या स्वच्छ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली काही सेकंद धरा, पाणी निथळू द्या आणि त्याच दिवशी फोन उघडायची सोय करा. बाहेरून धुतल्याने बोर्ड स्वच्छ होत नाही. फक्त मीठ वाळायच्या आत थोडा वेळ मिळतो.

फोन उघडून साफ करणं

छोटे स्क्रू, गोंद आणि आतले भाग जोडणाऱ्या कागदासारख्या पातळ स्ट्रिप यांची सवय असेल तरच हे घरी करा. नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे त्याच दिवशी जा. फोन काच-गोंदाचा असेल आणि तुम्ही पहिल्यांदाच उघडणार असाल, तर पाण्यातून वाचलेली स्क्रीन उघडताना फुटण्याची शक्यता मोठी आहे.

लागणारं सामान: त्या मॉडेलला बसणारे स्क्रू ड्रायव्हर (आयफोनच्या तळाला पाच पाकळ्यांचे स्क्रू असतात, आत वेगळ्या प्रकारचे), प्लास्टिकची पातळ पट्टी, मऊ ब्रश, चिमटा, भिंग, अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर आणि दोनशे मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं. जखमेला लावायचं ७० टक्क्यांचं घेऊ नका; त्यात तीस टक्के पाणीच असतं. हे अल्कोहोल खोलीच्या तापमानालाही पेटतं, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको.

उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर, प्लास्टिकच्या पट्टीने, सरळ वर उचलून काढा. त्याआधी दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. इथून पुढे घाई नाही, कारण वीज तुटली. स्क्रू काढताना फोनचा फोटो समोर ठेवून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागीच ठेवत जा. त्यांची लांबी वेगवेगळी असते, आणि आखूड स्क्रूच्या जागी लांब बसवला तर तो बोर्डाच्या आतल्या तारा कापतो. पाण्यातून वाचलेले बोर्ड असेही मेलेले आहेत.

आता भिंगाखाली बघा. स्ट्रिपच्या कनेक्टरमध्ये सोनेरी दातांच्या दोन रांगा असतात. पाणी पोचलं असेल तिथे दातांमध्ये पांढरी भुकटी किंवा हिरवट कड दिसते. चार्जिंग पोर्टमध्ये एखादी पिन काळी पडलेली असेल तर ती बहुधा चार्जरची वीज आणणारी पिन असते, आणि फोन ओला असताना चार्जर लावला गेला होता हे ती सांगते. अशी पिन साफ होत नाही. पोर्ट बदलावा लागतो. बॅटरी आणि स्क्रीनचे कनेक्टर, पोर्ट आणि सिमच्या खाचेची बाजू या जागा नीट तपासा. पाणी आधी तिथेच पोचतं.

बोर्ड सुटा करून, आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ब्रशने हलकेच घासा. हा टप्पा लोक गाळतात आणि थेट अल्कोहोल ओततात. पण मीठ आणि साखर पाण्यात विरघळतात, अल्कोहोलमध्ये फारशा नाहीत. अल्कोहोलचं काम वेगळं: ते फटीतलं पाणी विस्थापित करतं आणि स्वतः लवकर उडून जातं. म्हणून पाण्यानंतर बोर्ड पाच-दहा मिनिटं अल्कोहोलमध्ये ठेवा, कनेक्टर ब्रशने एका दिशेने घासा, मग ताज्या अल्कोहोलमध्ये पुन्हा एकदा बुडवा. पंख्यासमोर दोन तास तरी सुकू द्या. स्क्रीन, कॅमेरे, बॅटरी, स्पीकर, मायक्रोफोनचा सुटा भाग, व्हायब्रेशन मोटर आणि बोटांच्या ठशांचा सेन्सर यांतलं काहीही बुडवू नका. स्क्रीनच्या थरांमध्ये अल्कोहोल शिरलं की कायमचे डाग पडतात. या भागांचे फक्त कनेक्टर, ओलसर ब्रशने पुसायचे.

बोर्डावरचे पत्र्याचे शील्ड सोल्डर करून बसवलेले असतील तर त्यांच्याखाली घरच्या ब्रशने पोचता येत नाही. तिथे दुरुस्तीवाला शील्ड काढतो आणि बोर्ड अल्ट्रासोनिक मशीनमध्ये घालतो. ध्वनिलहरींमुळे द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि चिपखालचा गाळ सुटतो. दुकानात विचारायचा प्रश्न हाच: शील्ड काढून बोर्ड धुणार का, की नुसता गरम हवेने सुकवणार? नुसता सुकवणार असतील तर दुसरीकडे जा.

जोडताना बॅटरी सगळ्यात शेवटी. फोन चालू झाला नाही तर बॅटरी पूर्ण उतरलेली असू शकते. साध्या पाच व्होल्टच्या चार्जरला अर्धा तास लावा, पण जवळच बसून. बोर्डाची बाजू हाताला गरम लागली तर आत शॉर्ट आहे. चार्जर काढा, बॅटरी सोडवा. पुढचं काम मल्टिमीटर घेऊन शॉर्ट झालेला कपॅसिटर (बोर्डावरचा वीज साठवणारा बारीक भाग) शोधण्याचं आहे आणि ते जाणकाराचंच.

न उघडता सुकवलेला फोन चालू करताना

४८ तास झाले, ठिपका पांढरा आहे, कॅमेऱ्यात धुकं नाही, तर आधी चार्जर न लावता फोन चालू करा. चालू झाला की पहिलं काम एकच: फोटो, संपर्क, चॅट आणि ओटीपी देणाऱ्या ॲपचा बॅकअप. बाकीच्या चाचण्या नंतर. फोन पुन्हा कधी बंद पडेल सांगता येत नाही आणि ही संधी परत मिळेलच असं नाही.

बॅकअप झाल्यावर कानाजवळचा आणि खालचा स्पीकर, मायक्रोफोन, दोन्ही बाजूंचे कॅमेरे, वायफाय, सिमचं नेटवर्क आणि चार्जिंग एकेक करून बघा. आवाज घोगरा येत असेल तर स्पीकरच्या जाळीत पाणी आहे. आणखी एक दिवस पोर्ट खाली करून ठेवा. खालच्या पट्टीचा सूर वाजवून पाणी बाहेर फेकणारी ॲप उपयोगी पडतात, पण फोन बाकी कोरडा असेल तरच. स्क्रीनवर ढगाळ डाग म्हणजे थरांमध्ये पाणी. ते सुकलं तरी डाग बहुतेक वेळा राहतात. स्क्रीन काळी पण फोन वाजतोय, थरथरतोय, तर फोन जिवंत आहे आणि दोष स्क्रीनच्या जोडणीत किंवा उजेडाच्या सर्किटमध्ये आहे. असा फोन टाकून देऊ नका.

चार्जर लावल्यावर पोर्टमध्ये ओल असल्याची सूचना आली तर ती खरी माना. यूएसबी-सी पोर्टच्या पिना अर्ध्या मिलिमीटरवर असतात आणि ओल असताना वीज सोडली की त्या जळतात. केबल काढा, फोन तळहातावर हलका आपटा, अर्धा तास थांबा; सूचना पुन्हा आली तर एक दिवस जाऊ द्या. पोर्ट कोरडा दिसत असूनही ती जात नसेल तर आधी दुसरी, कोरडी केबल लावून बघा. तरीही राहिली तर पिनांवर क्षार आहेत: फोन बंद करून ९९ टक्के अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या मऊ ब्रशने पोर्ट साफ करायचा आणि तासभर सुकू द्यायचा.

फोन गेला, पण आतलं हवंय

मेमरीची चिप काढून दुसऱ्या यंत्रावर वाचता येईल हा समज जुन्या फोनपुरता ठीक होता. आयफोनमधली आणि अँड्रॉइड १० किंवा पुढच्या आवृत्तीसह बाजारात आलेल्या फोनमधली माहिती कूटबद्ध असते आणि तिची किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. सुटी चिप वाचली तर हाती निरर्थक आकडे येतात. म्हणून माहिती हवी असेल तर तोच बोर्ड थोडा वेळ का होईना चालू करावा लागतो. दुकानात फोन देताना हे पहिल्या वाक्यात सांगा: मला फोन नको, आतली माहिती हवी. सॉफ्टवेअर नव्याने टाकू नका आणि बोर्ड बदलू नका हेही सांगा, कारण दोन्हीमध्ये माहिती जाते. पाणी कसलं होतं, किती वेळ होतं, त्यानंतर चार्जर लावला होता का, हे खरंखरं सांगा. लपवलं तर तो चुकीच्या जागी शोधत बसतो. विमा असेल तर फोन उघडण्याआधी विमा कंपनीला कळवा. उत्पादकाच्या नेहमीच्या वॉरंटीत पाण्याने झालेलं नुकसान सहसा धरत नाहीत.

वाचलेल्या फोनकडे पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. बॅटरी अचानक भराभर उतरणं, फोन आपोआप बंद होणं, चार्जिंग तुटक होणं ही आत गंज वाढत असल्याची चिन्हं आहेत. स्क्रीन किंवा मागची काच एका बाजूने उचललेली दिसली, किंवा गोडसर, रसायनासारखा वास आला, तर बॅटरी फुगली किंवा गळते आहे. ती दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. फोन बंद करून फरशीवर किंवा धातूच्या उघड्या भांड्यात, पेटणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि बॅटरी काढून घेणाऱ्या दुरुस्ती केंद्राकडे किंवा ई-कचरा केंद्राकडे न्या.